सरकत्या सोंगट्यांचे कोडे : सुटणारे आणि न सुटणारे

संगणकावरील एका खेळाविषयी महाविद्यालयाच्या वार्षिकात लेख यावा, आणि तोही कला शाखेच्या विद्यार्थिनीने लिहावा, हे काही वाचकांना खटकण्याचा संभव आहे. संपादक सरांनाही ते प्रथम खटकलेच. "खेळावर लिहायचं तर जिमखाना विभागात लिही," असे ते हसत म्हणाले. परंतु प्रस्तुत लेख खेळाविषयी जितका आहे तितकाच तर्कशास्त्राविषयी आहे, आणि तर्कशास्त्र हा माझा विशेष विषय आहे. शिवाय त्यामागे एक लहानशी हकिकत आहे. ती आधी सांगते.

गेल्या हिवाळ्यात जवळच्या गावातील एका महाविद्यालयाने प्रदर्शन भरविले होते. आम्ही नऊ जणी एस.टी.ने ते पाहावयास गेलो. संगणकाच्या दालनात सहा संगणक मांडलेले होते आणि प्रत्येकाच्या पडद्यावर एकच खेळ होता. चार आडव्या रांगा, चार उभ्या रांगा, अशी सोळा घरे. त्यांपैकी पंधरा घरांत १ ते १५ आकड्यांच्या सोंगट्या आणि एक घर रिकामे. रिकाम्या घराला लागून असलेली सोंगटी त्या घरात सरकवावयाची आणि असे करत करत सर्व आकडे क्रमाने लावावयाचे. खेळाचा प्रोग्रॅम तेथील विद्यार्थ्यांनीच लिहिलेला होता, ही कौतुकाचीच गोष्ट. भिंतीवर पाटी होती : 'पाच मिनिटांत सोडवा, पेन मिळवा'. आणि शेजारी एका फळ्यावर दोन रकाने पाडले होते, एक विज्ञान शाखेचा, दुसरा कला शाखेचा. जो सोडवील त्याच्या शाखेखाली एक खूण. विज्ञानाखाली खुणांची दाटी झाली होती. आमच्या रकान्यात तीन खुणा होत्या. तेथे उभा असलेला विद्यार्थी आम्हाला पाहून सहज म्हणाला, "हे डोक्याचं काम आहे. पाठांतराचं नाही."

आमच्याबरोबर प्रथम वर्षाची एक मुलगी होती. तिच्या गावच्या शाळेतील संगणकावर सदैव कापड घातलेले असे, त्यामुळे माऊस तिने महाविद्यालयात आल्यावरच प्रथम हातात धरला. ती एका संगणकापुढे बसली ती एस.टी.ची वेळ होईपर्यंत उठली नाही. पाच मिनिटांची मुदत केव्हाच संपली होती, पेनाची आशा तिने सोडली होती, तिला केवळ कोडे सोडवावयाचे होते. तिने ते अगदी शेवटापर्यंत आणले. तीन रांगा बिनचूक, चौथ्या रांगेत १३ जागेवर, आणि त्यापुढे १५, १४. ती पुन्हा मोडी, पुन्हा लावी, आणि पुन्हा १५, १४. परतीच्या वाटेवर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, संगणकाच्या वर्गाला मी नाव दिलंय ना, ते काढून घेते. मला नाही जमायचं."

मी तिला काही समजावू शकले नाही, कारण माझाही डाव तसाच अडला होता.

आता हा खेळ मुळात कसा खेळावयाचा ते पाहू. संगणकावर तो अनेक रूपांत मिळतो. सायमन टॅथम यांच्या मोफत कोडेसंग्रहात तो 'फिफ्टीन' या नावाने आहे आणि आमच्या संगणक कक्षात मी तोच वापरते. रिकाम्या घराच्या रांगेतील कोणत्याही सोंगटीवर माऊसने टिचकी मारली, तर मधल्या सर्व सोंगट्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकदम सरकतात. बाणांच्या कळांनीही खेळता येते. मात्र बाण सोंगटीची दिशा दाखवतो की रिकाम्या घराची, हे पहिल्या दोन खेळ्यांत पाहून घ्यावे. निरनिराळ्या खेळांत हे निरनिराळे असते, आणि नवख्याचा निम्मा गोंधळ येथेच होतो. 'एच्' ही कळ दाबली की हा प्रोग्रॅम एक खेळी सुचवून स्वतःच ती करतो. सतत दाबत राहिल्यास पूर्ण डाव सुटतो, पण तुम्ही लावलेले तो वाटेत मोडूही शकतो. माझे मत विचाराल तर पहिले आठ दिवस त्या कळेला हात लावू नये.

पद्धत सोपी आहे. १ आणि २ या सोंगट्या सरळ त्यांच्या घरी नेता येतात. ३ आणि ४ मात्र एकेक करून लावू गेल्यास एक बसते आणि दुसरी बाहेर राहते. त्यांना जोडीने आत घ्यावे लागते. ३ ला कोपऱ्यात, म्हणजे ४ च्या घरात न्यावे. ४ ला तिच्या बरोबर खाली आणावे. रिकामे घर ३ च्या मूळ जागी आणावे. आता ३ डावीकडे सरकवली की तिच्या मागोमाग ४ वर चढते. (४ आधीच ३ च्या घरात अडकून बसली असेल, तर ३ ला थोडे दूर नेऊन ४ ला तेथून हुसकावून लावावे, आणि मग वरीलप्रमाणे करावे.) दुसरी रांग याच रीतीने लागते. खालच्या दोन रांगा मात्र आडव्या न लावता उभ्या लावाव्यात, प्रथम ९ आणि १३, मग १० आणि १४. ९ ला १३ च्या घरात आणि १३ ला तिच्या उजवीकडे आणून रिकामे घर ९ च्या जागी आणले, की ९ वर जाते आणि १३ डावीकडे येते.

येथवर आल्यावर उरतात ती चार घरे आणि तीन सोंगट्या : ११, १२ आणि १५. चार घरांच्या चौकात तीन सोंगट्या फक्त गोल फिरू शकतात, एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ११, १२, १५ असा क्रम असेल तर दोनचार खेळ्यांत डाव सुटला. क्रम ११, १५, १२ असा असेल तर कितीही फिरवा, तो तसाच राहतो. प्रदर्शनाहून आल्यावर मी त्या मुलांचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर मागवून घेतला आणि रोज काही डाव खेळून वहीत टिपत गेले. जवळजवळ निम्मे डाव सुटत आणि निम्मे या शेवटच्या चौकात येऊन अडत. टॅथम यांच्या खेळात मात्र एकही डाव अडला नाही. दोन्हीकडे खेळणारी मीच, पद्धत तीच. तेव्हा संशय स्वतःवरून काढून प्रोग्रॅमवर घेण्यास हरकत नव्हती.

या कोड्याचा इतिहास चाळला असता असे दिसले की हे दुःख फार जुने आहे. न्यूयॉर्क राज्यातील कॅनास्टोटा गावचे पोस्टमास्तर नॉइज चॅपमन यांनी १८७४ च्या सुमारास याचे पूर्वरूप मित्रांना दाखविले होते. त्यात सोळा सोंगट्या असून प्रत्येक रांगेची बेरीज ३४ यावी अशी मांडणी करावयाची होती. (खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात कोरलेल्या चौतीसा यंत्राचीही हीच बेरीज आहे, हे जाता जाता सांगते. दोहोंचा संबंध मात्र कोणी जोडू नये.) १८७९ च्या अखेरीस बोस्टनमध्ये लाकडी खेळणी म्हणून पंधरा सोंगट्यांचे कोडे विकले जाऊ लागले आणि १८८० च्या पहिल्या सहामाहीत अमेरिका व युरोप यांना त्याने अक्षरशः वेड लावले. कारण सोंगट्या पेटीत कशाही टाकून सुरुवात करीत, आणि मग शेवटी कोणाचे १५, १४ होई, कोणाचे नीट लागे. ज्याचे लागले नाही तो रात्र रात्र जागे.

त्याच सुमारास अमेरिकेतील गणिताच्या एका मान्यवर नियतकालिकाच्या १८७९ च्या खंडात विल्यम जॉन्सन आणि विल्यम स्टोरी यांची या कोड्यावरील टिपणे प्रसिद्ध झाली. निम्म्या मांडण्या सुटणे अशक्य आहे हे जॉन्सन यांनी, आणि उरलेल्या निम्म्या सर्व सुटतात हे स्टोरी यांनी सिद्ध केले. गंमत म्हणजे असल्या खेळाला आपल्या पानांत जागा का दिली, याचे स्पष्टीकरण त्या नियतकालिकाच्या संपादकांनाही जोडावे लागले होते. आमच्या संपादक सरांना मी हे आवर्जून दाखविले.

सॅम लॉइड हे बुद्धिबळाच्या कूटप्रश्नांचे अत्यंत प्रसिद्ध रचनाकार. त्यांनी १८९१ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९११ पर्यंत, हे कोडे आपणच काढले असा दावा केला आणि लोकांनी तो मानलाही. १४ व १५ ची अदलाबदल करून दाखविणाऱ्यास त्यांनी एक हजार डॉलर देऊ केले होते. ते पैसे कोणालाच द्यावे लागणार नाहीत हे त्यांना पक्के ठाऊक होते. जेरी स्लोकम आणि डिक सोनेवेल्ड यांनी २००६ साली या कोड्यावर ग्रंथ लिहून चॅपमन यांचे श्रेय त्यांना परत मिळवून दिले.

आता ती सिद्धता. गणिताचा धसका घेतलेल्या वाचकांनीही पुढील दोन परिच्छेद सोडू नयेत. यात बेरजेपलीकडे काही नाही.

पडद्यावरील आकडे पुस्तकाप्रमाणे वाचा, वरची रांग डावीकडून उजवीकडे, मग तिच्याखालची. रिकामे घर वगळा. वाचताना ज्या दोन आकड्यांत मोठा आधी आणि लहान नंतर येतो, त्यांना आपण 'उलटी जोडी' म्हणू. पूर्ण सुटलेल्या डावात उलट्या जोड्या शून्य. मुलीच्या डावात १५ आधी आणि १४ नंतर, म्हणून एक. आता सोंगटी आडवी सरकली तर वाचनाचा क्रम बदलतच नाही, तेव्हा उलट्या जोड्याही तेवढ्याच राहतात. सोंगटी उभी सरकली तर काय होते? समजा दुसरी रांग ५, ६, ७, ८ अशी आहे आणि तिच्याखाली ९, रिकामे घर, १०, ११. ६ खाली सरकवली. आधी आपण ५, ६, ७, ८, ९, १०, ११ असे वाचत होतो, आता ५, ७, ८, ९, ६, १०, ११ असे वाचू. म्हणजे ६ ने बरोबर तीन सोंगट्या ओलांडल्या. चार घरांच्या रांगेत उभ्या खेळीने नेहमी तीनच ओलांडल्या जातात. या तिन्ही जोड्या पालटतात, सुलटीची उलटी किंवा उलटीची सुलटी. म्हणून एकूण संख्या एकाने किंवा तिनाने वाढते वा घटते. दोनाने कधीच नाही, आणि तेवढीच राहिली असेही कधी होत नाही. थोडक्यात, प्रत्येक उभ्या खेळीस समाची विषम आणि विषमाची सम होते.

तिकडे रिकामे घर प्रत्येक उभ्या खेळीस एक रांग वर किंवा खाली जाते. ते तळाच्या रांगेतून निघून पुन्हा तळाच्या रांगेत आले, तर जितके चढले तितकेच उतरले असले पाहिजे. म्हणजे उभ्या खेळ्यांची संख्या सम. सम वेळा पालटलेली गोष्ट पूर्वीसारखीच राहते : सुरुवातीला उलट्या जोड्या विषम असतील तर शेवटीही विषमच. शून्य ही सम संख्या आहे. म्हणून १५, १४ वरून १४, १५ वर जाणारा रस्ताच नाही. हजार खेळ्या करा, लाख करा. एकही डाव खेळून न पाहता हे कळते, आणि सर्व डाव खेळून पाहण्याचा विचार तर सोडाच. सोळा घरांच्या एकूण मांडण्या २,०९,२२,७८,९८,८८,००० होतात. त्यांपैकी सुटणाऱ्या निम्म्या, म्हणजे १,०४,६१,३९,४९,४४,०००. दर सेकंदाला एक पाहिली तरी सव्वातीन लाखांहून अधिक वर्षे लागतील. आम्हाला वर्गात 'अनुभवाने कळणारे' आणि 'अनुभवावाचून कळणारे' असा ज्ञानाचा भेद शिकविला, तेव्हा मी तो परीक्षेपुरता लिहून घेतला होता. तो समजला तो या खेळापाशी.

कोणताही डाव पुढे आला की तो सुटेल की नाही हे असे ओळखावे : रिकामे घर खालच्या उजव्या कोपऱ्यात आणावे आणि उलट्या जोड्या मोजाव्यात. सम आल्या तर खेळावे, विषम आल्या तर उठावे. डोळ्यांना मात्र हे फसवे असते. १ व २ आणि ११ व १२ अशा दोन अदलाबदली झालेला डाव एका अदलाबदलीच्या डावापेक्षा अधिक बिघडलेला दिसतो, पण तो सुटतो. आठ सोंगट्यांच्या लहान खेळात उभ्या खेळीने दोनच सोंगट्या ओलांडल्या जातात, म्हणून तेथे रिकामे घर कोठेही असले तरी केवळ जोड्या मोजून भागते. त्याच्या सुटणाऱ्या मांडण्या १,८१,४४० असून त्यांतील सर्वांत अवघड मांडणीही ३१ खेळ्यांत सुटते. पंधरा सोंगट्यांच्या खेळासाठी हा आकडा ८० आहे. तो १९९० नंतरच्या दशकात संगणकांना कामाला लावूनच निश्चित करता आला.

आकड्यांऐवजी अक्षरे घातली की आणखी मौज होते. मी तयार केलेली पाटी अशी : नवीवही, नवापेन, नवेमित्र, मिळाले. चार, चार, चार आणि तीन अक्षरे. (त्यात पेन कोठून आला हे सुज्ञांस सांगणे न लगे.) तिच्या शेवटच्या दोन सोंगट्यांची अदलाबदल करून 'मिलेळा' केले, तर डाव अशक्य वाटतो, पण तो सुटतो. यात 'न' चार वेळा आला आहे. कोणत्याही दोन 'न'ची आपसात अदलाबदल केली की जोड्यांचा हिशेब पालटतो, आणि वाचणाराला काहीच कळत नाही. चित्रांच्या कोड्यातही आकाशाचे दोन निळे तुकडे अगदी सारखे असतील, तर असेच होते.

संगणकाच्या टेबलावर हे कोडे आले ते १९८४ साली, ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकाबरोबर. घड्याळ, गणकयंत्र अशा छोट्या उपकरणांच्या पंक्तीत ते बसविले होते. अँडी हर्ट्झफेल्ड यांनी लिहिलेला मूळ प्रोग्रॅम सुमारे सहा हजार बाइट जागा घेई. चकतीवर जागा अपुरी, आणि गंभीर यंत्रावर खेळ कशाला, असाही सूर निघाला. तेव्हा हर्ट्झफेल्ड यांनी तो नव्याने लिहून सहाशे बाइटांत बसविला आणि कोडे राहिले. आज देवनागरीचे एक चिन्ह साठवावयास सामान्यतः तीन बाइट लागतात. म्हणजे त्या जागेत दोनशे चिन्हे मावतील. हा परिच्छेददेखील मावणार नाही! पुढे १९९४ च्या सुमारास ॲपलने त्याची जागा तुकड्या-तुकड्यांच्या चित्रकोड्याला दिली. २००५ मध्ये मॅकच्या डॅशबोर्डवर आणि २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या कडपट्टीवर ते चित्ररूपाने परत आले. त्या दोन्ही सोयी आता नाहीत, परंतु कोडे या ना त्या रूपाने चालूच आहे.

असो. वहीतील नोंदी आणि वरील सिद्धता दोन पानांवर लिहून मी त्या प्रदर्शनातील विद्यार्थ्याकडे पाठविली. त्याचा फोन आला, आणि सांगावयास बरे वाटते की तो सरळ बोलला. त्याने पंधरा आकडे घरांत वाटेल तसे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे भरले होते. त्यामुळे निम्मे डाव जन्मतःच न सुटणारे होते. उपाय त्यानेच सांगितला. एक तर सुटलेल्या डावापासून सुरुवात करून संगणकाकडूनच काही शे नियमबद्ध खेळ्या उलटसुलट करवाव्यात, किंवा उलट्या जोड्या मोजून त्या विषम आल्या तर कोणत्याही दोन सोंगट्यांची अदलाबदल करावी. त्याने दुसरा उपाय केला. मी फळ्याविषयी विचारले. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "आमची मुलं डाव अडला की 'नवा डाव'ची कळ दाबायची. पाच मिनिटांत दोनतीन डाव व्हायचे. तुम्हाला ती कळ कोणी सांगितली नव्हती का?" नव्हती सांगितली. शिवाय कोणत्या शाखेचे किती जण बसले, हे त्या फळ्यावर कोठेच नव्हते, केवळ किती जिंकले हे होते. यजमान विज्ञानाचे, त्यामुळे बसणारेही त्यांचेच अधिक. तर्कशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत 'पुढील युक्तिवादातील दोष दाखवा' असा प्रश्न असतो, त्यासाठी हा फळा मी जपून ठेवला असता. पण प्रदर्शनानंतर तो पुसला गेला.

फोन ठेवून मी वसतिगृहात गेले. प्रथम वर्षाची ती मुलगी कपडे वाळत घालीत होती. तिला खोलीत नेऊन कागदावर १५, १४ लिहिले आणि तीन सोंगट्या ओलांडण्याची गोष्ट सांगितली. तिने ती दोनदा ऐकली, तिसऱ्यांदा स्वतः माझ्या बहिणीच्या बटणांच्या डबीतील बटणे मांडून करून पाहिली. मग विचारले, "म्हणजे मी दोन तास बरोबरच खेळत होते?"

संगणकाच्या वर्गातील नाव तिने काढले नाही. परवा आमच्या कक्षात कोणीतरी कोठून तरी आणलेला एक जुना सोंगट्यांचा खेळ लावून ठेवला होता आणि तिघे जण त्याच्याशी झुंजत होते. ही मागे उभी राहून ओठ हलवीत मोजत होती. मोजून झाल्यावर म्हणाली, "एकोणीस. उठा, मला प्रॅक्टिकल करायचंय."